नाणे चांदीचे, भाव चिठ्ठीचा?

एरवी या पानावर आम्ही बेणे, खत, पाणी आणि तोडणीच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या वेळचा विषय थोडा बांधाबाहेरचा आहे. पण ऊसबिलाचा पैसा खात्यात पडल्यावर तो कोठे जातो, हाही ऊसविकासाचाच एक भाग आहे असे आम्ही मानतो. टनामागे शंभर रुपये जास्त मिळावेत म्हणून वर्षभर झटायचे आणि हाती आलेले हजारो एका छापील चिठ्ठीवर घालवायचे, हे कोणत्याच हिशेबात बसत नाही.

गोष्ट अशी झाली. उन्हाळ्याच्या तोंडाशी गट ऑफिसात खोडव्याच्या नोंदी चालू होत्या. घनसावंगी तालुक्यातले, कालव्याच्या शेपटाकडचे एक सभासद आले. खिशातून रुमाल काढला, रुमालातून एक पारदर्शक डबी. डबीत मोठे चकचकीत नाणे आणि नाण्याच्या डोक्यावर छापील चिठ्ठी. चिठ्ठीवर परदेशी झेंडा, इंग्रजी अक्षरे आणि '७०' हा आकडा.

"साहेब, पोरानं पुण्याहून घेतल्यात. अशा दहा डब्या हायेत घरी. सत्तरपैकी सत्तर मार्क हायेत म्हणे. विहिरीवरली मोटर जळाली, खोडवा सुकाय लागला, म्हणून इकाया काढल्या. तर सराफ म्हणतो, डबी तुमची तुम्हाला, मी चांदी तेवढी तोलतो. चांदीच्या दुपटीहून जास्त पैसे मोजलेत आम्ही. मग हे मार्क गेले कुठं?"

प्रश्न सरळ होता. आम्ही सराफ नव्हे, शेतीची पदविका घेतलेली माणसे. तरी उत्तर शोधायचे ठरवले. शोधता शोधता ध्यानात आले की हा हिशेब आपल्या जालना जिल्ह्याच्या आज्या-पणज्यांना चांगला ठाऊक होता.

हाली आणि कलदार

आज जो जालना जिल्हा आहे तो १९८१ साली १ मे रोजी वेगळा झाला. त्याआधी हा मुलूख बहुतांशी औरंगाबाद जिल्ह्यात, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे नाणे वेगळे होते. त्याला म्हणत हाली सिक्का. इंग्रज सरकारचा रुपया तो कलदार. बाजारात दोन्ही चालत, पण दोन्ही एका भावाने नाही. साधारण सात हाली रुपये दिले की सहा कलदार मिळत.

हा सातास सहाचा भाव आला कोठून? आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. कलदार रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. 'रुपयाभार' हे आपल्याकडचे माप त्यावरूनच आले. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. म्हणजे एका कलदारात सुमारे १०.६९ ग्रॅम निव्वळ चांदी. महायुद्धापूर्वीच्या हाली रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅम आणि चांदी हजारात ८१८ भाग. म्हणजे सुमारे ९.१४ ग्रॅम चांदी. आता सात हाली घ्या: ६४ ग्रॅम चांदी. सहा कलदार घ्या: ६४ ग्रॅम चांदी!

म्हणजे ज्या भावाने मोंढ्यात कापूस आणि ज्वारी विकली जाई, त्या भावाच्या पोटात चांदीचा कस बसलेला होता. नाण्यावर राणीचे तोंड आहे की चारमिनार, हे पाहून भाव ठरत नव्हता. भाव ठरत होता तो वजन आणि कस या दोन गोष्टींवर. हा हाली सिक्का हिशेबातून एकदम गेला नाही. १९५१ नंतर तो नव्याने निघणे बंद झाले आणि १९५९ साली तो चलनातून कायमचा बाद झाला. नाणे बाद झाले. चांदी काही बाद झाली नाही.

उसाचा उतारा, चांदीचा कस

सभासदांना हे समजायला जड जाऊ नये, कारण आपला सगळा व्यवहार याच दोन गोष्टींवर चालतो. गाडी काट्यावर येते तेव्हा वजन होते. मग साखर उतारा. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेली एफआरपी टनाला ३,५५० रुपये आहे, ती १०.२५ टक्के उताऱ्याला. उतारा वाढला की दर वाढतो, घटला की घटतो. ऊस दिसायला किती जाड, किती हिरवागार, याला काट्यावर कोणी विचारत नाही.

चांदीचेही तसेच. एकूण वजन म्हणजे टनेज. कस म्हणजे उतारा. सराफ्यात याला 'टंच' म्हणतात. दोहोंचा गुणाकार केला की निव्वळ चांदी निघते. गणित सोपे जावे म्हणून समजा, चांदीचा भाव ग्रॅमला १०० रुपये धरला. (खरा भाव रोज बदलतो. २०२५ साली तो किलोला लाखाच्या पार गेला.) तर या धरलेल्या भावाने:

१९४० पूर्वीचा कलदार, राणी छाप अथवा राजा छाप – चांदीची किंमत सुमारे १,०६९ रुपये.

महायुद्धापूर्वीचा हाली रुपया – सुमारे ९१४ रुपये.

१९४० नंतर कस घटवलेला कलदार, चांदी निम्मी – सुमारे ५८३ रुपये.

१९६९ चे महात्मा गांधी जन्मशताब्दीचे चांदीचे १० रुपयांचे नाणे, १५ ग्रॅम, चांदी हजारात ८०० भाग – १,२०० रुपये.

परदेशी एक औंसाचे नाणे, ३१.१ ग्रॅम, जवळजवळ निव्वळ चांदी – ३,११० रुपये.

१९४७ चा वाघाचा रुपया – शून्य. त्यात चांदी नाहीच, तो निकेलचा आहे. लोहचुंबक लावून पाहा, चिकटेल.

दिसायला सगळे 'चांदीचे रुपये'. पण कलदार १९३८ चा की १९४५ चा, एवढ्या सालाच्या फरकाने किंमत निम्म्यावर येते. तेव्हा पहिली गोष्ट साल वाचायला शिकणे. हाली रुपयावरचे साल हिजरी असते. शिवाय चारमिनारच्या मधल्या दारात एक उर्दू अक्षर असते. 'मीम' असेल तर ते नाणे महबूब अलींच्या काळचे, 'ऐन' असेल तर उस्मान अलींच्या, म्हणजे १९११ नंतरचे.

सत्तरपैकी सत्तर म्हणजे काय?

आता त्या डबीकडे येऊ. जगातल्या पुष्कळ टांकसाळी चांदी साठवणाऱ्यांसाठी एक औंसाची नाणी पाडतात. मेक्सिकोचे लिबर्टाड १९८२ पासून, अमेरिकेचे ईगल १९८६ पासून, कॅनडाचे मेपल लीफ १९८८ पासून. ही नाणी बाजारात चालवण्यासाठी नसतात. ती म्हणजे शिक्का मारलेली चांदीच. शिक्का सांगतो की वजन अमुक, कस तमुक, आणि त्याला सरकारची हमी. इतपर्यंत गोष्ट चांगली आहे.

चिठ्ठीचा उगम मात्र वेगळा. अमेरिकेत शेल्डन नावाच्या संग्राहकाने १९४९ साली तिथल्या जुन्या तांब्याच्या नाण्यांसाठी १ ते ७० अशी मापपट्टी काढली. झिजून सपाट झालेले नाणे १, आणि टांकसाळीतून आत्ताच पडल्यासारखे ते ७०. कल्पना अशी की सत्तरवाल्याला एकवाल्याच्या सत्तरपट किंमत यावी. पुढे १९८५ आणि १९८७ साली तिथे दोन कंपन्या निघाल्या, पीसीजीएस आणि एनजीसी. नाणे तपासायचे, अस्सल की नकली ते ठरवायचे, गुण द्यायचे आणि चिठ्ठीसह प्लॅस्टिकच्या डबीत मोहोरबंद करायचे, हा त्यांचा धंदा. जुन्या आणि दुर्मिळ नाण्यांत फसवाफसवी फार, म्हणून तिऱ्हाइताने दिलेला निवाडा लोकांना उपयोगी पडला. यात खोट काढण्यासारखे काही नाही.

खोट पुढे आली. हीच पद्धत नव्या कोऱ्या नाण्यांना लावली गेली. अमेरिकेच्या ईगलची २०१५ या एका वर्षात ४ कोटी ७० लाख नाणी पडली. आजच्या यंत्रांतून निघालेल्या नाण्यांना ६९ किंवा ७० गुण पडणे ही नवलाई राहिलेली नाही. पाचपट मोठे करणाऱ्या भिंगातूनही दोष दिसू नये, तर ७०. नुसत्या डोळ्यांना ६९ आणि ७० यांतला फरक दिसतच नाही. गावच्या शाळेत सगळ्याच पोरांना पैकीच्या पैकी मार्क पडू लागले तर पहिला नंबर कोणाचा?

मग चिठ्ठीचीच सजावट वाढली. कुठे झेंडा, कुठे निवृत्त अधिकाऱ्याची सही, कुठे 'पहिल्या घावाचे नाणे'. हा पहिला घाव म्हणजे साच्यातून पहिल्यांदा पडलेले नाणे, असे ग्राहकाला वाटते. प्रत्यक्षात अर्थ एवढाच की विक्री सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या सुमारे तीस दिवसांत ते कंपनीकडे आले. कोणते नाणे आधी पडले, कोणते नंतर, अशी एकेका नाण्याची नोंद आपण ठेवत नाही, असा खुलासा अमेरिकेच्या टांकसाळीनेच केलेला आहे. चांदी तीच, वजन तेच, साल तेच. बदलला तो फक्त कागद.

मग चिठ्ठीला किंमत कधी?

जालन्याच्या माणसाला चिठ्ठीचे महत्त्व परक्याने सांगायला नको. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको सुरू केली, आणि पुढे जालना हे बियाण्याचे गाव म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. पिशवीला निळी चिठ्ठी असेल तर प्रमाणित बियाणे, पांढरी असेल तर पायाभूत, पिवळी असेल तर पैदासकार बियाणे, हे आपल्या पोरासोरांनाही पाठ आहे. त्या चिठ्ठीला आपण मान देतो. का? कारण बी फोडून आतला वाण दिसत नाही. जी गोष्ट आपल्याला डोळ्याने कळत नाही आणि जिच्यावर पीक अवलंबून आहे, ती तिऱ्हाइताने तपासून सांगितली, म्हणून त्या चिठ्ठीला मोल.

नाण्यालाही हीच कसोटी लावा. मुंबई टांकसाळीचा १९३९ चा रुपया फार दुर्मिळ, संग्राहक त्याला चांदीच्या कितीतरी पट पैसे देतात. साहजिकच त्याची नक्कलही होते. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या अंगरख्यातला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि नक्षी बदलावी लागली. त्या सालाचा रुपयाही संग्राहक शोधत असतात. अशा नाण्याला चांगल्या कंपनीची चिठ्ठी असली तर तिचे पैसे वसूल होतात. कारण तिथे 'अस्सल आहे का?' हा खरा प्रश्न आहे, आणि उत्तर सोपे नाही.

कोट्यवधींनी पडणाऱ्या नव्या नाण्याबाबत तो प्रश्न वजनकाटा आणि टंच यांनीच सुटतो. तिथली चिठ्ठी हौसेची. हौस असावी, आमची ना नाही. पण हौसेचे पैसे हौसेच्या खात्यात लिहावेत, बचतीच्या खात्यात नव्हे. तसली डबी विकत घेणारा दुसरा हौशी भेटला तरच ते पैसे परत येतात, आणि असे हौशी आपल्या तालुक्याच्या सराफ्यात बसलेले नसतात. मार्क गेले कुठं, याचे उत्तर हे असे. मार्क कुठे गेले नाहीत. ते चांदीत कधी नव्हतेच.

आमची एक चूक

दुसऱ्याला शहाणपण सांगताना स्वतःची चूक झाकू नये. आमच्या आजीच्या पेटीत काळवंडलेले काही कलदार होते. एका दिवाळीला आम्ही ते चिंच आणि राख लावून आरशासारखे घासले. घरचे खूश, आम्हीही खूश. पुढे एका जाणत्याने पाहिले आणि कपाळाला हात लावला. जुन्या नाण्यावरचा काळपट थर ही संग्राहकाच्या लेखी त्याची कातडी असते. घासलेल्या नाण्याची चांदी तेवढीच राहते, पण संग्रहाची किंमत पडते. तेव्हा जुने नाणे घासू नका. कडी डाकून माळेत ओवलेल्या रुपयांचेही तेच: चांदी पुरती, हौशी गिऱ्हाईक थोडे.

घरच्या घरी तपासणी

सराफाकडे जाण्यापूर्वी एक तपासणी घरी करता येते. बाजारात सोनाराचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा मिळतो, शंभराव्या भागापर्यंत ग्रॅम दाखवणारा. आधी नाणे कोरडे तोला. मग काट्यावर पाण्याचा छोटा हलका पेला ठेवून काटा शून्यावर आणा. नाणे बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला लागू देऊ नका. काटा जो आकडा दाखवील त्याने कोरड्या वजनाला भागा. शुद्ध चांदी असेल तर उत्तर साडेदहाच्या आसपास येते. कलदाराला १०.३ च्या, हाली रुपयाला १०.२ च्या जवळ. जर्मन सिल्व्हर या धातूत नावापुरतीच चांदी आहे. तो तांबे, जस्त आणि निकेल यांचा. त्याचे उत्तर नऊच्या खाली येते. उदाहरणार्थ, दहा ग्रॅमचे शुद्ध नाणे बुडवले तर काटा ०.९५ दाखवील. १.१५ दाखवला तर समजा, पाणी मुरतंय.

ही तपासणी शेवटचा निवाडा नव्हे. शेतात हँड रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स पाहतो तशी ही पहिली चाचणी. पक्का टंच यंत्रावरच काढावा.

नवी चांदी घेताना आणखी एक. चांदीच्या दागिन्यांवर आणि वस्तूंवर २००५ पासून हॉलमार्कची सोय आहे. ती ऐच्छिक आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क केलेल्या चांदीवर सहा अक्षरी ओळख क्रमांकही येऊ लागला. मोबाईलवरच्या बीआयएस केअर या ॲपमध्ये तो घालून पाहता येतो. धनत्रयोदशीला घेतो ते लक्ष्मी-गणपतीचे नाणे कायद्याने चलनी नाणे नसते. ते घेताना वजन, कस, पाडणाऱ्याचे नाव आणि पक्की पावती या चार गोष्टी पाहा. तीन टक्के जीएसटी आणि मजुरी विकताना परत मिळत नाही, हेही धरून चाला.

अडचणीच्या वेळी

बऱ्याच सभासदांना ठाऊक नाही म्हणून लिहितो. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोने आणि चांदी तारण कर्जाची नवी नियमावली काढली. बँकांना ती लागू करण्याची अखेरची तारीख १ एप्रिल २०२६. तीनुसार एका कर्जदाराची चांदीची नाणी ५०० ग्रॅमपर्यंत आणि चांदीचे दागिने १० किलोपर्यंत तारण घेता येतात. चांदीच्या विटेवर कर्ज नाही. घरखर्चासाठीच्या अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते. कोणती बँक चांदी घेते हे शाखेत विचारूनच जावे. पण यातली महत्त्वाची ओळ अशी की तारणाची किंमत फक्त त्यात असलेल्या धातूची धरायची, बाकी कशाची नाही. म्हणजे सराफ जे म्हणाला तेच रिझर्व्ह बँकही म्हणते. डबी तुमची तुम्हाला.

आता त्या सभासदांचे काय झाले ते सांगून थांबतो. बोलता बोलता ते म्हणाले, "आमच्या बाच्या डब्यात जुने हाली पडल्यात चाळीसेक. मोडीत काढायचे म्हणत होतो." आम्ही म्हणालो, आणा. दुसऱ्या दिवशी डबा आला. उर्दू शाळेतल्या गुरुजींना बसवून हिजरी साले वाचून घेतली. सारी नाणी महायुद्धापूर्वीची निघाली. हिशेब मांडला. दहा डब्यांत मिळून चांदी ३११ ग्रॅम. आणि ३४ हाली रुपयांत चांदी तेवढीच, ३११ ग्रॅम! डब्यात तर त्याहून जास्त नाणी होती. मोड म्हणून कोपऱ्यात पडलेला डबा त्या दहा चकचकीत डब्यांपेक्षा भारी भरला.

त्यांनी डब्या चांदीच्या भावाने विकल्या. नुकसान झाले ते झाले. मोटर बसली, खोडव्याला पाणी मिळाले. हालींचा डबा घरीच राहिला, न घासता. पोराला त्यांनी एवढेच सांगितले म्हणे, "इथून पुढं काटा बघून घे, कागद बघून नको."

सभासद बंधू-भगिनींनो, आमचेही सांगणे तेवढेच.

– ऊस विकास अधिकारी